दस्त्यावरचं ठिगळ

अण्णांनी तिला पहिल्यांदा "बाय" म्हटलं तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. पडवीतून त्यांचा आवाज आला, "बाय, इथे बोट लाव. लागतं का काही?" मला वाटलं मलाच हाक मारली. गाळणं ठेवून मी दारापर्यंत आलेसुद्धा. बघते तर ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली होती, आणि तिचं बोट धरून ते लाकडावरून फिरवत होते.

आमच्याकडे घरातल्या लेकीला लाडाने बाय म्हणतात. मी तिसरी-चौथीत असेपर्यंत अण्णा मला बाय म्हणायचे. पुढे एका रजेत आले आणि नावाने हाक मारायला लागले. का ते मी विचारलं नाही. आता पन्नाशी ओलांडल्यावर तो शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकला, आणि तो एका परक्या मुलीसाठी होता. चहा मी तिच्यासमोर जरा आपटूनच ठेवला. तिच्या ते लक्षात आलं नाही. "थँक्यू ताई," म्हणून तिने पुन्हा लाकडात डोकं घातलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. लष्करात आर्मरर होते, बंदुका दुरुस्त करणारे. नोकरीची सगळी वर्षं उत्तरेतल्या वर्कशॉपांत गेली. आम्ही मात्र इथेच, रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, कातळावरच्या या घरात. ते वर्षातून एकदा रजेवर यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आंब्याची कलमं सांभाळली. आई गेली तेव्हा ते एकटे पडले. माझा नवरा जहाजावर असतो, मुलगा शिकायला बाहेर. मग मी शहरातला फ्लॅट बंद केला आणि त्यांच्याकडे राहायला आले. इथूनच शाळेत शिकवायला जाते. घरात आम्ही दोघंच. दिवसभरात आमचं बोलणं किती होतं? गोळी घेतली का, पंप बंद केला का, माकडं आली होती का. तेवढंच.

ती मुलगी घाटावरच्या एका लष्करी संग्रहालयात काम करायची. तिशीची असेल. माजी सैनिकांच्या कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने विचारलं होतं, की जुन्या रायफलींच्या लाकडाचं कळणारं कोणी अजून आहे का, आणि अण्णांच्या एका जुन्या सोबत्याने आमचा नंबर दिला होता. तिच्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक रायफल होती, दुर्बीण लावून लांबून नेम धरणाऱ्या स्नायपरची. रायफलीचं लोखंड अस्सल आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. प्रश्न लाकडाचा होता. खांद्याला टेकतो तो मागचा दस्ता कारखान्यातून निघाला तेव्हाचाच आहे, की मागाहून बदललेला? रायफल तिथून हलवता येत नव्हती. म्हणून रीतसर परवानगी काढून नुसता दस्ता सोडवून, कापडात गुंडाळून, ती एवढ्या लांब आली होती.

मी स्वयंपाकघरात होते, पण कान पडवीत. अण्णा तिला सांगत होते की अशा रायफली मुळात साध्याच असायच्या. ज्या चांगला नेम मारायच्या त्या निवडून काढायचे, मग त्यांवर दुर्बीण चढवायचे. दुर्बिणीतून बघायचं तर डोळा वर उचलावा लागतो, म्हणून दस्त्यावर गाल टेकायला लाकडाची एक उशी बसवायचे, दोन स्क्रूंनी. दस्ता मूळचा असेल तर त्या उशीखालचं लाकूड फिकं राहतं, कारण तिथे ना घाम पोचतो ना तेल. आणि जिथे अंगठा टेकतो तिथे वरच्या अंगाला दुर्बिणीचा नंबर ठोकलेला असतो. दुर्बीण आणि रायफल यांची जोडी मोडू नये म्हणून तो नंबर.

"नंबर जुळला म्हणजे झालं का?" तिने विचारलं.

"नंबर काय, कोणीही ठोकील," अण्णा म्हणाले. "नंबराच्या तळाला बघायचं. जुना असेल तर तळाशी मळ आणि तेल मिळून काळं दगडासारखं झालेलं असतं. कडा मऊ लागतात. नवा असेल तर बोटाला टोचतो."

मग त्यांनी तिला दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी दाखवली. मूळ लाकूड पट्टीपेक्षा केसभर उंच असतं. कोणी पॉलिशपेपर मारून चकचकीत केलं असेल तर लाकूड खाली बसतं आणि पितळेची कड हाताला लागते. अक्रोडाचं लाकूड कुठलं आणि बीच झाडाचं कुठलं, जवसाचं तेल पाजलेलं लाकूड कसं दिसतं आणि वरून व्हार्निश मारलेलं कसं, हे सगळं ते सांगत राहिले. सलग इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आई गेली त्यानंतरच्या तेरा दिवसांत मिळून त्यांनी एवढे शब्द वापरले नसतील.

मला माझी एक रजा आठवली. म्हणजे त्यांची. अण्णा रजेवर आले की पडवीत हत्यारांची पेटी उघडून बसायचे. कोणाच्या बैलगाडीचं जू, कोणाचा पाळणा, काही ना काही दुरुस्तीला यायचं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. त्यांचा रंधा हातात घेऊन एका फळीवर चालवायला लागले. लाकडाचा पापुद्रा वळून वर आला तेव्हा मला काय आनंद झाला होता! अण्णांनी मागून येऊन रंधा काढून घेतला. बोटं जातील, म्हणाले, हे मुलींचं काम नव्हे. पेटी मिटून माळ्यावर ठेवली. त्यानंतर मी त्या पेटीकडे गेले नाही. आणि आता एका मुलीचंच बोट धरून ते लाकूड शिकवत होते. हे मला पचत नव्हतं.

ती त्या संध्याकाळी परत गेली, पण दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करायला लागली. संग्रहालयाच्या कपाटातल्या बाकीच्या रायफलींचे फोटो दाखवायची, अण्णा सांगायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी त्यांना बारीक दिसत नाही, आणि फोन त्यांना धरता येत नाही. तेव्हा फोन धरून उभी राहणारी मी. माझा चेहरा कॅमेऱ्यात येत नसे, फक्त हात. रविवार आला की अण्णा लवकर आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे. एरवी माझ्यासमोर बनियनवर बसतात.

मी काय काय केलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. एका रविवारी नेटवर्क नाही म्हणून सांगितलं, नेटवर्क होतं. एकदा ती बोलत असताना मिक्सर लावला. आणि तरीही दर रविवारी ऐकून ऐकून माझ्या डोक्यात ते सगळं बसत होतं. शाळेतल्या बाकाच्या फळीवरून हात फिरवताना मी व्हार्निश आहे की तेल आहे ते बघायला लागले होते.

ओल्या काजूंच्या दिवसांत ती दस्ता घेऊन दुसऱ्यांदा येणार म्हणून कळलं. आता माझ्या मनात तिच्याबद्दल काहीही असो, पाहुणी आली तर कमी पडू द्यायचं नाही हा आमच्या घरचा रिवाज. शनिवारी सकाळी मिरकरवाडा बंदरावर जाऊन लिलावातून आलेली ताजी सुरमई घेतली, चांगली हातभर. तळून, कालवण करून ठेवलं. ती पानावर बसली आणि अवघडून म्हणाली, ताई, मी मासे खात नाही. अण्णा लगेच मला म्हणाले, "अगो, बायला काजूची उसळ कर ना पटकन." मी सोललेले काजूगर होते ते काढले आणि उसळ टाकली. उसळीत मीठ जास्त पडलं. ते मात्र मी मुद्दाम केलं नव्हतं, पण अण्णांनी माझ्याकडे बघितलं ते तसंच बघितलं. तिने सगळी उसळ संपवली.

जेवणानंतर अण्णा आडवे झाले. तिला ऑफिसात फोन करायचा होता, म्हणून ती रेंज शोधत दगडी गडग्यापलीकडे कातळावर गेली. दस्ता पडवीतल्या बाकावर कापडावर पडला होता.

पहिल्या वेळीही मी त्याला हात लावला नव्हता. आता घरात कोणी बघणारं नव्हतं. मी बाकावर बसले आणि तो मांडीवर घेतला. वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. नाकाशी धरला तर जवसाच्या तेलाचा वास, आणि तो वास सरळ अण्णांच्या बॅगेतला, रजेवर आल्यावर आई बॅग उघडायची तेव्हाचा. मी त्यांनी सांगितलं तसंच करत गेले. पितळी पट्टीवरून अंगठा फिरवला. उशीच्या कडेने नख फिरवलं. मग जिथे नंबर ठोकला होता तिथे आले.

दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या पडवीत ऊन तिरकं येतं. त्या उन्हात नंबराभोवती मला एक रेघ दिसली. केसाहून बारीक. दस्ता थोडा फिरवला तर ती रेघ वळत वळत दुसऱ्या टोकाला मिळाली आणि एक होडीचा आकार झाला. दोन्हीकडे निमुळता, मध्ये फुगीर. लाकडाच्या रेषा इतक्या जुळवून बसवल्या होत्या की एरवी कळलं नसतं. पण मला कळलं, कारण असं ठिगळ मी रोज बघते. आमच्या विळीच्या पाटाला भेग गेली होती तेव्हा अण्णांनी असंच होडीच्या आकाराचं लाकूड बसवलं होतं. देव्हाऱ्याच्या चौकटीतही आहे. इतर सुतार चौकोनी ठिगळ मारतात, अण्णा कधीच नाही.

म्हणजे हा दस्ता अण्णांच्या हाताखालून गेला होता. आणि तिला तो मूळचा वाटत होता.

ती परत आली तेव्हा मी दस्ता जागेवर ठेवून अंगण झाडत होते. ती मोकळेपणाने हसून म्हणाली की तिने अहवाल जवळजवळ लिहून काढलाय, नंबर जुळतो, मळ जुना आहे, लाकूड अक्रोडाचं आहे. तिच्या हसण्याकडे बघत मी मनात म्हटलं, सांगू का आत्ताच? सांगायची इच्छा होती, आणि ती इच्छा चांगल्या हेतूने नव्हती. पण आधी अण्णांकडून खरं काढून घ्यायचं होतं. मी झाडत राहिले. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

सोमवारी सकाळी अण्णा कलमांना पाणी घालत होते. मी पाईप त्यांच्या हातातून घेतला आणि सरळ विचारलं, "अण्णा, त्या दस्त्यावरचं ठिगळ तुमचं आहे ना?"

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुला दिसलं?"

"दिसलं. तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. बोट लागलं तेव्हाच."

"मग तिला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी खाली बघितलं. पाणी आळ्यातून बाहेर वाहायला लागलं होतं, त्यांनी पायाने माती ओढून बांध घातला. "सांगितलं असतं तर तिचं काम तिथेच संपलं असतं," ते म्हणाले. "मग ती परत कशाला आली असती?"

मला रडू आलं नाही, राग आला. म्हटलं, "बोलायला माणूस हवं होतं तर मी होते ना घरात."

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं होतं. रंधा हातात घेतला तर काढून घेतलात. मुलींचं काम नव्हे म्हणालात. पेटी माळ्यावर टाकलीत."

त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी प्रयत्न केला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण खरंच आठवत नव्हतं. शेवटी म्हणाले, "म्हटलं असेन. तेव्हा तसंच म्हणायचे." एवढं बोलून ते पुढच्या कलमाकडे गेले. मी शाळेत गेले. आठवीच्या वर्गाला नकाशा भरायला दिला आणि तासभर खिडकीतून बाहेर बघत बसले.

रविवारी मी फोन धरून उभी राहिले आणि अण्णांनी तिला सगळं सांगितलं. पासष्टच्या लढाईनंतर एक रायफल वर्कशॉपला आली होती, दस्ता मधोमध फुटलेला. नवा मिळत नव्हता. भंगारात काढलेल्या दुसऱ्या एका स्नायपर रायफलीचा दस्ता चांगला होता, तो अण्णांनी या रायफलीला बसवला. पण त्याच्यावर नंबर दुसऱ्या दुर्बिणीचा. तो नंबर कोरून काढला, तिथे अक्रोडाचंच ठिगळ बसवलं आणि या रायफलीच्या दुर्बिणीचा नंबर त्यावर ठोकला. लाकूड त्या काळचं, कारखान्यातलंच, पण या रायफलीचं नव्हे.

तिने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. मग तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला आत्ता आठवलं का हे?"

अण्णा खोटं बोलले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. पण ते म्हणाले, "नाही. पहिल्यापासून माहीत होतं. आणि मी सांगणार होतो की नाही ते मला माहीत नाही. हिला दिसलं, माझ्या लेकीला. तुला दिसलं नाही, तुझ्या मोठ्या साहेबांना दिसलं नाही, हिला दिसलं. हिची नजर माझ्यासारखी आहे."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलं, आणि तेही तिच्याजवळ! मला तोंडावर सांगायचं त्यांना सुचलं नाही. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

अहवाल सगळा बदलावा लागेल, असं म्हणून तिने फोन ठेवला. पुढच्या रविवारी फोन आला नाही. मला बरं वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या वेळेपर्यंत बाकावर बसून होते, आणि मी डाळीला फोडणी देताना त्या मुलीवर मनातल्या मनात इतकी चिडले की मोहरी करपली. इतके दिवस ती येते म्हणून जळत होते, आता येत नाही म्हणून. म्हाताऱ्या माणसाला अशी सवय लावून सोडून द्यायची असते का?

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. ती रुसली नव्हती. वरिष्ठांशी भांडत होती. त्यांचं म्हणणं, दस्ता मूळचा नाही तर ती रायफल मुख्य दालनातून काढून आतल्या खोलीत ठेवू. हिचं म्हणणं, लढाईनंतर आपल्या माणसांनी ती कशी चालती ठेवली हेच लिहून लावू. शेवटी हिचं चाललं. पाटीवर काय लिहायचं ते तिने अण्णांना वाचून दाखवलं, आणि मग मलाही विचारलं की ताई, तुम्हाला ठीक वाटतं का. मी कॅमेऱ्यात नव्हते. मी फोन फिरवला आणि म्हटलं, "ठिगळाचा आकार लिहा. होडीसारखा." तिने ते लिहून घेतलं.

मे महिन्यात ती आंबे खायला आली, आणि या वेळी बरोबर तिची आई होती. साठीच्या, सरळ पाठीच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या बाई. आल्या तशा आमचं घर बघून घेतलं, अण्णांना नमस्कार केला, आणि पडवीत माझ्याजवळ बसल्या. लेक आणि अण्णा कलमांखाली गेले होते. तिथून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ती हसत होती, काहीतरी हातवारे करून सांगत होती.

मी अढीतले पिकले आंबे काढून चिरायला घेतले. बाईंनी सुरी मागून घेतली आणि त्याही चिरायला लागल्या. चिरता चिरता म्हणाल्या की घरी ही एक शब्द बोलत नाही. ऑफिसातून येते, खोलीत जाते. काही विचारलं तर "काही नाही" म्हणते. पण आजोबांचं मात्र सगळं सांगते, कोकणातल्या आजोबांनी हे सांगितलं, ते सांगितलं. आपल्याला वाटलं, बघून तरी यावं कोण आहेत.

मग त्यांनी सुरी थांबवून मला विचारलं, "हे सगळ्यांशी असेच बोलतात का हो?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याशी नाही बोलत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. त्या आधी हसल्या की मी, आठवत नाही. बाहेर त्या दोघांचं चालूच होतं. आम्ही चिरलेल्या फोडी त्यांच्यासाठी ताटात काढून ठेवल्या, आणि कोयीला लागलेला गर आम्ही दोघींनी चोखून खाल्ला.

आता त्या बाई मला फोन करतात, साधारण रविवारी दुपारी. लेक अण्णांशी बोलते तेव्हा मी फोन धरून उभी असते, त्यामुळे तिच्याबद्दल मला त्यांच्याआधी कळतं. परवा तिला सर्दी झाली होती ते मी सांगितलं. मागच्या महिन्यात दिल्लीच्या एका नोकरीसाठी अर्ज केलाय हेही त्यांना माझ्याकडूनच कळलं. त्या म्हणाल्या, "जाणार म्हणते का?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही, अण्णा नको म्हणालेत. हे ऐकून त्यांना राग आला, तो मला फोनमधूनही कळला; पहिल्या दिवशी चहा आपटून ठेवताना मला आला होता तसाच.